कुणाकडून काय मागायचं, ते आधी लिही

अगं, सुपरसेटचं लॉगिन एलडॅप डिरेक्टरीला जोडून देणारं तुमच्या टीमचं ते साधन मी इथे देवळाली प्रवऱ्यात घरच्या संगणकावर चालवून पाहिलं. एका बाजूला ओपनएलडॅपची छोटी डिरेक्टरी उभी केली, दुसऱ्या बाजूला अपाची सुपरसेट. साधन चांगलं आहे. एकेक प्रश्न विचारतं, उत्तरं घेतं आणि सुपरसेटच्या पायथन फाइलीत लॉगिनच्या ओळी नीट लिहून देतं. सुपरसेटमध्ये हे काम पडद्यावरून करायची सोय नाही, फाइलच उघडावी लागते, म्हणून अशा साधनाची गरज खरी आहे. आता त्याचं मॅन्युअल तुझ्या वाट्याला आलंय आणि सुरुवात कुठून करू असं तू विचारतेस. पुण्यात सॉफ्टवेअरची मॅन्युअलं लिहिण्यातच माझी नोकरी गेली, म्हणून मामाचं चार गोष्टींपुरतं ऐक.

पडदा उघडून पहिल्या रकान्यापासून वर्णन करत सुटू नकोस. आधी माणसं बघ. सुपरसेट चालवणारा आणि डिरेक्टरी सांभाळणारा, ही दोन वेगळी माणसं असतात. बहुतेक वेळा वेगळ्या विभागातली, कधी वेगळ्या शहरातली. पहिल्याला तक्ते, एसक्यूएल, डॅशबोर्ड कळतात. ‘बेस डीएन काय?’ असं साधनानं विचारलं की तो थांबतो. दुसऱ्याला बेस डीएन झोपेतही सांगता येईल, पण सुपरसेट म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसतं आणि एका अनोळखी सॉफ्टवेअरला आपल्या डिरेक्टरीत का शिरू द्यायचं, हा त्याचा प्रश्न अगदी रास्त असतो. तुझं मॅन्युअल या दोघांच्या मधे उभं आहे. एलडॅपच्या जोडणीत जेवढा वेळ जातो, त्यातला मोठा हिस्सा या दोघांमधल्या निरोपांत जातो, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. एक निरोप अर्धवट गेला की दोन दिवस गेले.

म्हणून मॅन्युअलचं पहिलं पान डिरेक्टरीवाल्यासाठी लिही. सुपरसेटवाल्यानं ते जसंच्या तसं त्याला पाठवावं, इतकं ते स्वतंत्र असू दे. सर्व्हरचं पूर्ण नाव काय, आयपी नको, कारण सर्टिफिकेट नावाशी ताडलं जातं. जोडणी ३८९ या पोर्टवर सुरू करून मग टीएलएस चढवायचं, की थेट ६३६ वर जायचं. सर्टिफिकेट कुणी दिलंय आणि त्या संस्थेची मूळ फाइल कुठे मिळेल. शोधासाठी एक सर्व्हिस अकाउंट, फक्त वाचण्याच्या हक्काचं. त्याचा पासवर्ड कधी संपतो आणि संपायच्या आधी कुणाला कळवलं जातं. माणसं कुठल्या फांदीखाली आहेत. लॉगिनचं नाव कुठल्या ॲट्रिब्यूटमध्ये असतं. कुठल्या ग्रुपला काय बघता यावं. आणि प्रत्येक ग्रुपमधलं एकेक चाचणीचं खातं. प्रत्येक मागणीपुढे ती कशासाठी, हे एका ओळीत लिही. ‘सुपरसेट डिरेक्टरीत काहीही लिहीत नाही, फक्त वाचतं’ हे एक वाक्य तिथे असलं, तर आठवडाभराची पत्रापत्री वाचते. कारण न सांगता मागितलेला हक्क कुठलाही चांगला ॲडमिन देणार नाही, आणि देऊही नये.

पासवर्ड संपण्याचा प्रश्न मुद्दाम वेगळा काढून लिही. सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड संपला की एका माणसाचं लॉगिन अडत नाही, सगळ्यांचंच अडतं, तेही एकाच सकाळी. जोडणी करून देणारा माणूस तोवर दुसऱ्या नोकरीवर गेलेला असतो.

समोर डिरेक्टरी कुठली आहे, हेही त्याच पानावर विचार. मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी विंडोज २००० बरोबर आली आणि आज बहुतेक कचेऱ्यांत तीच आहे. ओपनएलडॅप १९९८ पासून चालत आलंय, मिशिगन विद्यापीठातल्या मूळ कोडवरून. नेटस्केपचा डिरेक्टरी सर्व्हर २००४ मध्ये रेड हॅटनं घेतला, पुढच्या वर्षी खुला केला, तोच आज ३८९ डिरेक्टरी सर्व्हर म्हणून चालतो. बोलण्याची पद्धत सगळ्यांची एकच, एलडॅपची तिसरी आवृत्ती. पण घरचे रिवाज निराळे. ओपनएलडॅपमध्ये लॉगिनचं नाव बहुधा यूआयडीमध्ये असतं, ॲक्टिव्ह डिरेक्टरीत एसएएम-अकाउंट-नेममध्ये. सुपरसेट मुळात यूआयडी धरून चालतं. म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरीवाल्यानं तो रकाना तसाच सोडला, तर जोडणी बरोबर होऊनही एकही माणूस सापडणार नाही. हे वाक्य त्या रकान्याच्या खालीच हवं, शेवटच्या परिशिष्टात नको.

डीएन समजावताना घोळ होतो, तिथे सरळ पाकिटावरचा पत्ता समोर धर. मु. पो. देवळाली प्रवरा, ता. राहुरी, जि. अहिल्यानगर. लहानाकडून मोठ्याकडे. डीएनही तसाच: आधी माणूस, मग त्याचा विभाग, मग शाखा, शेवटी संस्थेचं डोमेन. बेस डीएन म्हणजे ‘राहुरी तालुक्यात शोध’ असं सांगणं. जिल्हा दिला तर शोध लांबतो, गल्ली दिली तर शेजारच्या गल्लीतला माणूस सापडत नाही. आणि पत्ता बदलतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नावच बदललं, गाव जागच्या जागी राहिलं. माणूस एका विभागातून दुसऱ्या विभागात गेला की त्याचा डीएन बदलतो. म्हणून कुठल्याही नमुन्यात एखाद्या माणसाचा डीएन कायमची ओळख म्हणून वापरू नकोस. सर्व्हिस अकाउंटचाही डीएन फिरू शकतो, आणि तो फिरला की साधनातली ओळ बदलावी लागते. तेवढी एक सूचना तिथे देऊन ठेव.

आता सगळ्यात महत्त्वाचं, इथे वेळ घाल. लॉगिनच्या एका क्लिकमागे तीन पावलं असतात. सुपरसेट आधी सर्व्हिस अकाउंटनं डिरेक्टरीत शिरतं, त्याला बाइंड म्हणतात. मग टाइप केलेल्या नावाचा माणूस शोधून त्याचा डीएन काढतं. मग तो डीएन आणि त्या माणसानं टाकलेला पासवर्ड घेऊन पुन्हा बाइंड करून बघतं. तिसरं पाऊल जमलं तर पासवर्ड खरा. वाचणाऱ्याला पडद्यावर मात्र एकच ओळ दिसते, लॉगिन चुकलं. तिन्ही पावलांची चूक एकाच तोंडानं बोलते. तुझ्या मॅन्युअलनं ती तीन तोंडं वेगळी करायची.

मी ते करून पाहिलं. ओपनएलडॅपमध्ये सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड मुद्दाम चुकवला, लॉगमध्ये ४९ हा एरर कोड आला. मग तो दुरुस्त करून माणसाचा पासवर्ड चुकवला, पुन्हा ४९. आकडा तोच, पाऊल निराळं. बेस डीएनमध्ये एक अक्षर खाल्लं, तेव्हा ३२ आला, म्हणजे अशी फांदीच नाही. बेस बरोबर ठेवून यूआयडीच्या जागी भलतंच ॲट्रिब्यूट दिलं, तर चूक अशी आलीच नाही, नुसता रिकामा निकाल. या शेवटच्या प्रकारात माणूस सगळ्यात जास्त गोंधळतो, कारण लाल अक्षरात काहीच दिसत नाही. ॲक्टिव्ह डिरेक्टरी ४९ च्या पुढे ‘डेटा’ म्हणून आणखी एक खूण देते आणि ती खूण सोन्यासारखी आहे. ५२ई म्हणजे पासवर्ड चुकला. ५२५ म्हणजे असा माणूसच नाही. ५३२ म्हणजे पासवर्डची मुदत संपली. ५३३ म्हणजे खातं बंद केलेलं. ७७३ म्हणजे पहिल्यांदा पासवर्ड बदलायला हवा. ७७५ म्हणजे फार वेळा चुकल्यानं खातं कुलूपबंद. हे आकडे मॅन्युअलमध्ये ठळक छाप. आणि त्यांच्याशेजारी ‘कुणाला फोन करायचा’ हा रकाना ठेव, कारण ५३३ आला तर सुपरसेटवाल्यानं फाइल उसकटण्यात अर्थ नाही, तो फोन डिरेक्टरीवाल्यालाच जायला हवा.

इथे एक गोष्ट डेव्हलपरांशी भांडून मिळव. साधनातल्या चाचणीच्या आज्ञेनं ‘लॉगिन अयशस्वी’ एवढंच छापण्याऐवजी कितव्या पावलाला अडलं ते छापायला लाव. एखादी चूक समजावायला तुला तीन परिच्छेद लागत असतील, तर संदेश बदलायला हवा. मॅन्युअल लिहिणाऱ्याला हे सांगायचा हक्क आहे, तो वापर. मनातल्या मनात डेव्हलपरांना बोल लावून परिच्छेद वाढवत बसू नकोस.

फिल्टरचा रकाना दिसायला लहान आणि सगळ्यात घातकी. सुपरसेटमध्ये दिलेला फिल्टर लॉगिन नावाच्या अटीला जोडला जातो. त्यामुळे त्यात नावाची जागा सोडायची नसते, पण दोन्ही बाजूंचे कंस मात्र हवेतच. मेटाबेस या सुपरसेटसारख्याच सॉफ्टवेअरमध्ये उलट, तिथे फिल्टरच्या आत लॉगिन नावासाठी महिरपी कंसातली जागा ठेवावी लागते, आणि तिथला मूळ फिल्टर आयनेट-ऑर्ग-पर्सन या वर्गातली माणसं शोधतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरीतली माणसं सहसा त्या वर्गाची नसतात. लोक एका सॉफ्टवेअरचा फिल्टर दुसऱ्यात चिकटवतात आणि डोकं धरून बसतात. तुझ्या पानावर चालणारा एक फिल्टर आणि न चालणारा एक फिल्टर, दोन्ही शेजारी शेजारी दाखव. फिल्टरमधल्या मजकुरात कंस, चांदणी किंवा उलटी तिरकी रेघ आली, तर ती तशीच लिहिता येत नाही, सांकेतिक आकड्यानं लिहावी लागते. ग्रुपच्या नावात कंस टाकायची कचेऱ्यांना भारी हौस. ‘लेखा (पुणे)’ असा ग्रुप निघतोच.

आता आपल्याकडच्या नावांचं बोलतो, कारण हे परदेशी मॅन्युअलांत तुला सापडायचं नाही. आपल्याकडे नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. एकाच कचेरीत सारखं नाव, सारखं आडनाव असलेली दोन माणसं सर्रास असतात. डिरेक्टरी त्यांना वेगवेगळ्या विभागांत ठेवून घेते, कारण नाव फक्त त्या फांदीपुरतं वेगळं असलं की तिचं भागतं. म्हणून सीएन म्हणजे पूर्ण नाव, त्याला लॉगिनचं ॲट्रिब्यूट करू नका, हे स्पष्ट लिही. लग्नानंतर मुलीचं आडनाव बदललं आणि कचेरीनं तिचं लॉगिन नावही बदललं, तर सुपरसेटला ती नवीन माणूस वाटते. ईमेल नवा असेल तर रिकामं नवं खातं उघडतं आणि तिनं बांधलेले डॅशबोर्ड जुन्या खात्याच्या नावावर राहतात. ईमेल जुनाच असेल तर नवं खातं उघडतच नाही, कारण एका ईमेलला एकच खातं. दोन्ही वेळा ती बिचारी फोन करत बसते. नवं नाव लागू व्हायच्या आधी सुपरसेटमधल्या जुन्या खात्याचंच लॉगिन नाव बदलून घ्यायचं, एवढी कृती आहे. अर्धं पान लागेल. ते पान लिहीच.

नाव देवनागरीत असलं तर बिघडत नाही. तिसऱ्या आवृत्तीपासून एलडॅपमध्ये मजकूर यूटीएफ-८ मध्येच असतो. पण कमांड लाइनवर शोध घेतला की देवनागरी नाव वाचता येत नाही. ॲट्रिब्यूटपुढे एकाऐवजी दोन अपूर्णविराम येतात आणि पुढे रोमन अक्षरांची रांग, सुरुवातीला ४ हा आकडा आणि के, एस ही अक्षरं. हे बेस ६४ आहे, डिरेक्टरी बिघडलेली नाही. पहिल्यांदा बघणारा घाबरतो आणि नाव पुन्हा भरायला घेतो. एक ओळ लिहून त्याला थांबव. आणि ज्याच्या नोंदीत ईमेलच नाही, त्याच्यासाठी सुपरसेट लॉगिन नावापुढे ‘ईमेल डॉट नॉटफाउंड’ जोडून पत्ता तयार करतं. असे पत्ते यादीत दिसले की मेलचं ॲट्रिब्यूट चुकलंय किंवा रिकामं आहे, असं समजायचं.

रोलबद्दल लिहिताना कडक हो. पहिल्यांदा लॉगिन करणाऱ्याला आपोआप कुठला रोल मिळावा, याची ओळ साधन विचारतं. नमुन्यात तिथे ॲडमिन कधीही लिहू नकोस, ‘फक्त चाचणीसाठी’ असं पुढे लिहूनसुद्धा नको. लोक नमुना उचलतात, टीप उचलत नाहीत. पब्लिक किंवा गॅमा असा कमी हक्कांचा रोल लिही. ग्रुपवरून रोल ठरवायचे असतील तर आणखी दोन खाचा आहेत. ओपनएलडॅपमध्ये मेंबर-ऑफ हे ॲट्रिब्यूट आपणहून नसतं, त्याचा वेगळा जोड चालू करावा लागतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ते असतं, पण माणसाचा प्राथमिक ग्रुप त्यात येत नाही आणि ग्रुपच्या आतला ग्रुपही येत नाही. त्यामुळे ‘मी ग्रुपमध्ये आहे, तरी रोल मिळत नाही’ ही तक्रार खरी असते.

आणि बदल्यांचं. रोल दर लॉगिनला नव्यानं ताडायची सोय सुपरसेटमध्ये आहे, पण ती मुळात बंद असते. बंद असताना पहिल्या दिवशी मिळालेला रोल माणसाबरोबर कायम राहतो, मग तो लेखा विभागातून भांडारात गेला तरी. आपल्या भागात साखर कारखान्यांत कायम आणि हंगामी असे दोन प्रकारचे कामगार असतात. हंगाम संपला की हंगामी माणसाचं खातं डिरेक्टरीत बंद होतं, लॉगिन थांबतं. पण आधीच उघडलेलं सत्र लगेच तुटत नाही, आणि त्याच्या पत्त्यावर दर सोमवारी जाणारा अहवाल जातच राहतो, कारण अहवालाच्या यादीत नुसता ईमेलचा पत्ता असतो. डिरेक्टरी जोडली म्हणजे माणूस गेला की सगळं आपोआप बंद, असा समज तुझ्या मॅन्युअलमुळे कुणाचा होता कामा नये. काय बंद होतं आणि काय हातानं बंद करावं लागतं, ते दोन्ही लिही.

सर्टिफिकेटवर अडलं की इंटरनेटवर एकच उपाय मिळतो: तपासणीच बंद करा. तो तुझ्या पानावर येऊ देऊ नकोस. तपासणी बंद असताना मधे कुणीही उभा राहून पासवर्ड वाचू शकतो, आणि तो पासवर्ड एकट्या सुपरसेटचा नसतो, त्या माणसाच्या पगाराच्या चिठ्ठीपासून ईमेलपर्यंत सगळ्याचा असतो. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची फाइल कुठे ठेवायची, ते नीट दाखव, मग लोक आडवाटेला जाणार नाहीत. ६३६ वर थेट जाताना टीएलएस चढवायची वेगळी ओळ चालू ठेवू नये, हेही तिथेच. सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड फाइलीत उघडा न ठेवता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घ्यायला सांग.

रिकाम्या पासवर्डची चाचणी विसरू नकोस. डीएन दिला आणि पासवर्ड रिकामा ठेवला, तर काही डिरेक्टऱ्या ‘यश’ म्हणतात; आरएफसी ४५१३ मध्ये याचा स्पष्ट इशारा आहे आणि रिकामा पासवर्ड आधीच नाकारायची जबाबदारी विचारणाऱ्या सॉफ्टवेअरवर टाकलीय. तुमचं साधन काय करतं ते स्वतः बघ, मगच लिही.

एक पान ‘सगळेच बाहेर अडकलो तर’ या नावानं कर. सुपरसेटमध्ये एलडॅप लावलं की आधीचे स्थानिक पासवर्ड चालत नाहीत. म्हणजे डिरेक्टरी पडली, तर ॲडमिनही बाहेर. परत यायचा रस्ता सर्व्हरवरूनच: जुनी फाइल परत ठेवायची, सुपरसेट पुन्हा सुरू करायचं. म्हणून साधनानं बदल करण्याआधी जुन्या फाइलीची प्रत ठेवलीय की नाही आणि कुठे ठेवलीय, हे पहिल्या बदलाच्या आधी सांगितलेलं असावं. हे पान सुपरसेटच्या आत ठेवू नका, तिथे पोहोचताच येणार नाही. छापून ठेवायला सांग.

नमुन्यांत खरं डोमेन, खरा आयपी, कुणाचं खरं नाव घालू नकोस. त्यासाठीच एक्झाम्पल डॉट कॉम राखून ठेवलंय, आणि १९२.०.२ ने सुरू होणारे आयपी पत्तेही. पडद्याचं चित्र काढण्याआधी रकान्यात काय दिसतंय ते बघ. पुण्यातल्या एखाद्या ग्राहकाच्या सर्व्हरचं नाव चित्रात राहून जातं आणि मग ते काढायला फार उशीर झालेला असतो.

प्रत्येक पानाच्या वर सुपरसेटची आणि साधनाची आवृत्ती लिही, डिरेक्टरी कुठली होती ते लिही, आणि स्वतः चालवून पाहिल्याची तारीख टाक. जी आज्ञा तू चालवली नाहीस तिच्यासमोर तारीख नको, म्हणजे कुठलं पान पुन्हा तपासायचं ते तुझ्यानंतर येणाऱ्याला बघताक्षणी कळेल. पहिलं पान, डिरेक्टरीवाल्यासाठीचं, या आठवड्यात तयार कर आणि आधी तुमच्याच कचेरीतल्या डिरेक्टरीवाल्याला दे. त्यानं उलट प्रश्न विचारले, तर ते त्याच पानावर भर आणि मग मला पाठव.